थांबण्याची व्यवस्था

कर्करोग म्हटले की बेफाम वाढीचे चित्र आपल्या मनासमोर येते. शरीराचा एखादा कोपरा बिथरतो, तिथल्या पेशी झपाट्याने वाढतात आणि बघता बघता सगळे शरीर व्यापतात. या चित्रात तथ्य आहे, पण त्यामुळे प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरला जातो, कारण पेशींची वाढ ही शरीरात मुळीच असाधारण गोष्ट नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३३,००० कोटी पेशी नाहीशा होतात आणि जवळजवळ तितक्याच नव्या तयार होतात. त्यांतल्या बहुतेक रक्ताच्या. उरलेल्यांत मोठा वाटा आतड्याच्या अस्तराचा, कारण ते अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. अस्थिमज्जेतल्या आणि आतड्यातल्या निरोगी पेशी ज्या वेगाने दुभागतात, त्या वेगाने कित्येक घातक गाठींतल्या पेशीही दुभागत नाहीत. केमोथेरपी घेणाऱ्याचे केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात, ते याचमुळे. वेगाने दुभागणाऱ्या पेशींना मारणारे औषध गाठीबरोबर या निरोगी पेशींनाही गाठते. गाठीची खूण वेगात नाहीच. आतड्यातली नवी पेशी ठरलेल्या जागी पोचली की दुभागायचे थांबते, आपले काम करते आणि काही दिवसांत गळून पडते. गाठीतली पेशी थांबत नाही. म्हणून पुढच्या प्रकरणांत शिरण्यापूर्वी वाचकाने प्रश्न उलटा करून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. पेशी दुभागते कशी, हे तर पाहायचेच आहे. पण ती कोणाच्या सांगण्यावरून थांबते आणि ते सांगणे ऐकू येईनासे कसे होते, हा खरा विषय आहे. कर्करोग हा थांबण्याची क्षमता टप्प्याटप्प्याने गमावण्याचा आजार आहे, असे माझे म्हणणे आहे. हे टप्पे बहुधा अनेक वर्षांवर पसरलेले असतात, आणि त्यातूनच आपल्याला काही करायला अवधी मिळतो.

दुभागण्यापूर्वी पेशीला काय काय उरकावे लागते, ते आधी थोडक्यात पाहू. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात आणि त्यांतल्या डीएनएवर सुमारे ६०० कोटी रासायनिक अक्षरे असतात. ती सगळी एकदाच, फक्त एकदाच, नकलली जायला हवीत. नक्कल पूर्ण झाल्यावर प्रत्येक गुणसूत्राची जोडी पेशीच्या मध्यावर यायला हवी, दोन्ही बाजूंच्या तंतूंना नीट जोडली जायला हवी, आणि मगच दोन प्रती दोन दिशांना जायला हव्यात. हा क्रम पेशी पाळते हे वॉल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली रंगवलेल्या पेशी पाहून चितारले होते. तो क्रम कोण पाळायला लावते हे कळायला आणखी जवळजवळ एक शतक गेले. १९७० साली भारतीय वंशाचे पोटू नरसिंह राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी विभाजनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या मानवी पेशी एकमेकींत मिसळल्या. डीएनएची नक्कल करणाऱ्या पेशीशी नक्कल सुरू न केलेली पेशी जोडली, की दुसरीचे केंद्रकही लवकरच नकलेला लागे. मात्र जिची नक्कल आधीच पूर्ण झालेली आहे ते केंद्रक पुन्हा नकलेला लागत नसे. शेजारच्या केंद्रकाचे काम संपेपर्यंत ते विभाजन लांबवत असे. एकाच पेशीत दोन केंद्रके, आणि पुढे गेलेले मागे राहिलेल्यासाठी खोळंबलेले! थांबणे ही पेशीची दुबळी बाजू नसून तिने सक्रियपणे केलेली कृती आहे, हे इतक्या उघडपणे त्यापूर्वी कोणी दाखवले नव्हते.

त्यानंतरच्या दोन दशकांत हे पुढे ढकलणारे आणि थांबवणारे रेणू हाती लागले. सिएटलमध्ये लेलंड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टचे असे वाण वेगळे केले की जे तापमान वाढवताच विभाजनाच्या ठरावीक टप्प्यावर अडकत. एडिंबरोमध्ये पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये असेच एक कळीचे जनुक शोधले आणि १९८७ साली मेलनी ली यांच्यासह दाखवून दिले की यीस्टमधले हे जनुक निकामी झाले तर माणसातले तसेच जनुक त्याची जागा घेऊ शकते. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या दोन जिवांत विभाजनाची किल्ली अदलाबदल करण्याइतकी सारखी राहिली आहे. तिसरा धागा टिम हंट यांचा. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत ते सी अर्चिनच्या फलित अंड्यांमध्ये कोणती नवी प्रथिने तयार होतात ते किरणोत्सारी खुणेच्या मदतीने पाहत होते. ठरावीक मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यांत बहुतेक प्रथिनांचे पट्टे अपेक्षेप्रमाणे गडद होत गेले. एक पट्टा मात्र गडद झाला, अंडी दुभागण्याच्या सुमारास जवळजवळ नाहीसा झाला आणि पुढच्या फेरीसाठी पुन्हा उगवला. हे सायक्लिन. नर्स आणि हार्टवेल यांच्या जनुकांपासून बनणारे विकर, म्हणजे सीडीके, सायक्लिन सोबत असेल तरच काम करते. पेशी सायक्लिन नष्ट करते आणि विकर निपचित पडते. या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे वाचकाला वाटेल की पेशीचक्र म्हणजे चावी दिलेले घड्याळ, एक काटा पुढच्याला ढकलतो आणि चक्र फिरत राहते. हार्टवेल यांना स्वतःलाच हे पुरेसे वाटले नाही. टेड वायनर्ट यांच्याबरोबर त्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या पुस्तकाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो जरा सावकाश पाहू. यीस्टवर क्ष-किरण सोडले की डीएनए तुटतो. साधे यीस्ट अशा वेळी विभाजन थांबवते, तुटलेले सांधते आणि मग पुढे जाते. ‘रॅड ९’ नावाचे जनुक बिघडलेले यीस्ट मात्र थांबत नाही. तुटक्या गुणसूत्रांसह ते दुभागते आणि मरते. यावरून सहज असे म्हणता आले असते की या जनुकाचे काम डीएनए सांधण्याचे असावे. वायनर्ट आणि हार्टवेल यांनी या सदोष पेशींना एका रसायनाने काही तास जबरदस्तीने थांबवून ठेवले आणि मग सोडले. त्या जगल्या. सांधण्याची सगळी हत्यारे त्यांच्यापाशी शाबूत होती, कमतरता होती ती फक्त थांबण्याची. चक्र चालवणाऱ्या यंत्रणेहून वेगळी, तिच्यावर नजर ठेवणारी आणि गरज पडली की तिला अडवणारी यंत्रणा पेशीत असते, हे या एका युक्तीने सिद्ध झाले. अशा जागांना चेकपॉइंट हे नाव मिळाले.

ही नजर किती बारीक असते, ते प्रार्थनाकीटकाच्या शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशींत दिसते. तिथे कधी कधी एखादे लिंगगुणसूत्र आपल्या जोडीदारांपासून सुटे राहते आणि त्याला एकाच बाजूचा तंतू जोडला जातो. दोन्हीकडून ओढ नसल्याने त्यावर ताण नसतो, आणि तेवढ्या एका गुणसूत्रासाठी सगळी पेशी कित्येक तास खोळंबते. ड्यूक विद्यापीठातल्या शाओतोंग ली आणि ब्रूस निकलस यांनी १९९५ साली अतिसूक्ष्म काचेच्या सुईने ते सुटे गुणसूत्र हळूच ओढून धरले. खरी जोडणी झालीच नव्हती. सुईने फक्त ताणाचा आभास निर्माण केला. पेशी फसली आणि पुढे सरकली. म्हणजे पेशी मोजते तो ताण. ताण नसेल तर ती थांबून राहते. कर्करोगाच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या इतकी विस्कटलेली का असते, याचे मूळ इथल्या ढिलाईत शोधता येते. सी अर्चिनच्या अंड्यांत गुणसूत्रांची वाटणी बिघडवून काय होते ते पाहणाऱ्या थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ सालीच असे सुचवले होते की घातक गाठी गुणसूत्रांच्या अशाच चुकीच्या वाटणीतून जन्मत असाव्यात, आणि निरोगी पेशीत विभाजनाला आवर घालणारे काहीतरी असावे. त्यांच्यापाशी जनुकांची भाषाही नव्हती हे लक्षात घेतले, म्हणजे या अनुमानाची झेप कळते.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. जाणकार वाचक म्हणेल की कर्करोगाच्या जनुकांचा इतिहास तर नेमका उलट आहे. पहिले सापडले ते थांबवणारे नव्हे, ढकलणारे जनुक. हे खरे आहे. पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीतला एक कर्करोग पेशीविरहित गाळलेल्या द्रवाने दुसऱ्या कोंबडीला देता येतो हे दाखवले. त्या द्रवातल्या विषाणूचे सार्क हे जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशींतले आहे, हे मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या गटाने १९७६ साली सिद्ध केले. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत रास या जनुकातले एकच अक्षर बदललेले आढळले, आणि तेवढ्या बदलाने ते जनुक सतत चालू राहते हे कळले. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत मोटारीचा दाखला रूढ झाला, रास म्हणजे अडकून बसलेला अ‍ॅक्सिलरेटर आणि त्याच्या जोडीला निकामी झालेला ब्रेक. हा दाखला पहिल्या ओळखीपुरता ठीक आहे, पण तो दोन्ही बिघाडांना सारखे वजन देतो आणि तिथेच दिशाभूल होते. हेन्री हॅरिस यांनी १९६९ साली घातक पेशी निरोगी पेशींशी जोडल्या, तेव्हा ढकलणारे जनुक प्रबळ असते तर जोडपेशी घातक निघायला हव्या होत्या. बहुतेक निघाल्या नाहीत. पुढे त्या जोडपेशींनी निरोगी पेशीकडून आलेली काही गुणसूत्रे गमावली, तेव्हाच घातकपणा परतला. निरोगी पेशी काहीतरी पुरवत होती, आणि ते असेपर्यंत ढकलणाऱ्या जनुकाचे फारसे चालत नव्हते.

त्या ‘काहीतरी’ला पहिला आकार दिला तो ह्यूस्टनमधल्या आल्फ्रेड नडसन यांनी, तोही सूक्ष्मदर्शकाशिवाय. लहान मुलांच्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा नावाचा कर्करोग होतो. पुष्कळदा मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते आणि ती आईच्या लक्षात येते, नाहीतर फोटोतच दिसते. काही मुलांना तो दोन्ही डोळ्यांत आणि लवकर होतो, काहींना एकाच डोळ्यात आणि उशिरा. ४८ मुलांच्या नोंदी, गाठ दिसली तेव्हाची वये आणि साधे गणित यांवरून नडसन यांनी १९७१ साली असे मांडले की गाठीला दोन आघात लागतात: दोन्ही डोळ्यांत होणाऱ्या मुलांना पहिला आघात जन्मतःच मिळालेला असतो, दुसऱ्यांना दोन्ही आघात एकाच पेशीत योगायोगाने व्हावे लागतात. जनुकाच्या दोन्ही प्रती गमवाव्या लागतात, याचा अर्थ ते जनुक असताना काहीतरी अडवत असणार. १९८६ साली ते जनुक वेगळे करण्यात आले. त्याचे आरबी हे प्रथिन नेमके सीडीकेच्या वाटेवर बसलेले असते. सायक्लिनयुक्त सीडीके त्यावर फॉस्फेट चढवते तेव्हाच ते बाजूला सरते आणि डीएनएची नक्कल सुरू होते. यीस्ट, सी अर्चिन आणि लहान मुलाचा डोळा या तीन वाटा इथे एकत्र आल्या, आणि कर्करोग व पेशीविभाजन हे वेगळे विषय उरले नाहीत. पी ५३ ची कथा आणखी बोलकी आहे. १९७९ साली सापडलेले हे जनुक जवळजवळ दहा वर्षे ढकलणारे मानले गेले, कारण प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या त्याच्या प्रती मुळातच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये कळले की शाबूत पी ५३ विभाजन थांबवते. डीएनए तुटला की ते जागे होते, सीडीकेला रोखणारे प्रथिन तयार करायला लावते, आणि दुरुस्ती आवाक्याबाहेर असेल तर पेशीला मरायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले असते. इतक्या वेगवेगळ्या अवयवांतल्या इतक्या गाठींत बिघडलेले आढळणारे दुसरे जनुक नाही.

राहिला रासचा प्रश्न. १९९७ साली मॅन्युएल सेरानो आणि सहकाऱ्यांनी निरोगी पेशींत सतत चालू राहणारे रास घातले, तेव्हा त्या बेफाम वाढल्या नाहीत. उलट कायमच्या थांबल्या. ढकलणे अवाजवी झाले की पेशी स्वतःच दरवाजा लावून घेते, आणि तो दरवाजा पी ५३ व आरबी यांच्या ताब्यात असतो. हा काचेच्या बशीतला चमत्कार आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या त्वचेकडे पाहावे. अंगावरच्या साध्या तिळांपैकी पुष्कळांत ब्रॅफ या ढकलणाऱ्या जनुकात तोच बदल असतो जो मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगात सापडतो. तीळ थोडा वाढतो, थांबतो आणि पन्नास वर्षे तिथेच राहतो. दुसरा पुरावा विषाणूंचा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्हीच्या घातक प्रकारांना स्वतःची नक्कल करायला पेशीची विभाजनाची यंत्रणा लागते. त्यासाठी त्यांनी साधलेली युक्ती पाहा: त्यांचे ई ६ हे प्रथिन पी ५३ चा नाश घडवते आणि ई ७ हे आरबीला निकामी करते. उत्क्रांतीने घडवलेला घुसखोर नेमका दोन पहारेकऱ्यांनाच गाठतो. हीला पेशी १९५१ साली एका अमेरिकी स्त्रीच्या अशाच गाठीतून घेतल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत अखंड दुभागत आहेत. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली या पेशींत ई ६ आणि ई ७ बंद केले. पी ५३ आणि आरबी तिथे होतेच, नुसते गप्प केलेले होते. ते पुन्हा कामाला लागले आणि अर्धशतक न थांबलेल्या पेशी काही दिवसांत थांबल्या. माझ्या म्हणण्याला याहून थेट आधार मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि त्याने माझे म्हणणे थोडे बदलायलाही लावले पाहिजे. २०१५ साली पापण्यांच्या निरोगी त्वचेत आणि २०१८ साली निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात इनिगो मार्तिनकोरेना यांच्या गटाने डीएनए वाचला, तेव्हा कर्करोगाशी जोडलेले बदल सर्रास आढळले. वय वाढेल तसा अन्ननलिकेचा मोठा भाग अशा बदललेल्या पेशींनी व्यापलेला असतो, आणि तरी ती नीट काम करते. नॉच १ या जनुकातले बदल तर अन्ननलिकेच्या कर्करोगापेक्षा निरोगी अन्ननलिकेतच जास्त प्रमाणात दिसले. मग जनुकांच्या बिघाडाला अर्थ काय उरला? माझे उत्तर असे की थांबवणारी व्यवस्था एका पेशीच्या आत मावत नाही. शेजारच्या पेशी, त्यांना धरून ठेवणारी चौकट, रक्तातून येणारे निरोप हेही तिचेच भाग आहेत. याची साक्ष राउस यांच्या त्याच विषाणूने दिली. डेव्हिड डॉल्बर्ग आणि मिना बिसेल यांनी १९८४ साली दाखवले की कोंबडीच्या गर्भात हा विषाणू टोचला तर सार्क चालू असूनही गाठ होत नाही; त्याच पेशी काढून बशीत ठेवल्या की त्या घातक वागू लागतात. पुढे असेही दिसले की विषाणू टोचलेल्या कोंबडीला दुसरीकडे जखम केली तर तिथे गाठ उगवते. जखम भरताना पेशींना काही काळ दुभागण्याची मुभा द्यावीच लागते, आणि कायमची जखम म्हणजे कायमची मुभा. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ च्या सुमारास कमरेला घट्ट धोतर नेसणाऱ्यांत त्याच काचाच्या रेषेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली. वर्षानुवर्षे घासली जाणारी, चिघळणारी आणि पुन्हा भरून येणारी ती कातडी होती. त्या काळी जनुकांच्या अंगाने याचे स्पष्टीकरण देणे शक्य नव्हते. आज खानोलकरांचे निरीक्षण आणि कोंबडीची जखम शेजारी ठेवून वाचता येतात.

कर्करोगाने माणूस दगावतो तो बहुधा गाठ जिथे उगवली तिथल्या वाढीने नव्हे, ती दुसरीकडे पसरल्याने. हाही आक्षेप रास्त आहे, आणि विभाजनाचे नियमन समजले म्हणजे पसरणेही समजले असा दावा मी करणार नाही. पेशीने जागा सोडणे, रक्तवाहिनीत शिरणे, परक्या अवयवात रुजणे यांचे नियम वेगळे आहेत आणि त्यांना पुस्तकात स्वतंत्र जागा दिली आहे. पण तिथवर जाणारी पेशी हजारो विभाजनांच्या वंशावळीतून आलेली असते, आणि प्रत्येक विभाजनात न पकडलेली चूक पुढच्या निवडीला सामग्री पुरवते. पीटर नॉवेल यांनी १९७६ साली मांडलेला हा उत्क्रांतीचा विचार आजही टिकून आहे.

या सगळ्याला लागणारा काळ लोकसंख्येच्या आकड्यांतही दिसतो. पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल यांनी १९५४ साली ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अनेक कर्करोगांचे प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढताना आढळले. वय दुप्पट झाले की धोका दुप्पट न होता सुमारे ६४ पट होतो. एकाच घटनेने रोग होत असता तर अशी चढण दिसली नसती. अनेक घटना एकाच वंशावळीत साठाव्या लागतात असा त्याचा अर्थ. इथून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जातात. पहिला नशिबाचा. क्रिस्तियान तोमासेती आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी २०१५ साली दाखवले की ज्या ऊतींतल्या मूळ पेशी आयुष्यात जास्त वेळा दुभागतात त्यांत कर्करोगही जास्त होतो, आणि वर्तमानपत्रांनी त्याचा मथळा केला: कर्करोग म्हणजे दुर्दैव. नकलण्यातल्या चुका आकस्मिक असतात हे मान्य. पण सोडत किती वेळा काढली जाणार आणि किती पहारेकरी जागे असणार, हे तंबाखू, विषाणू, जुनी जखम यांवर ठरते. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग पंधरा ते तीस पटींनी जास्त होतो, ही काही सोडतीची करामत नाही. दुसरा निष्कर्ष याच्या उलट आणि माझ्या मते अधिक क्रूर आहे: रोग झाला म्हणजे रुग्णाचेच काहीतरी चुकले. रेटिनोब्लास्टोमा झालेल्या दोन वर्षांच्या मुलाने काय चुकवले? आपल्याकडे आजही कर्करोग लपवला जातो, घरच्यांपासूनही. त्यामागे ही दोषाची कल्पना आहे, आणि तिने उपचाराला उशीर होतो. शरीर मोठे, आयुष्य लांब, म्हणजे रोग अटळ, असेही नाही. हत्तीत माणसाच्या कितीतरी पट पेशी असतात, तरी त्याला कर्करोग कमी होतो. माणसाच्या पेशीत पी ५३ जनुकाच्या दोन प्रती असतात, हत्तीच्या पेशीत सुमारे चाळीस, हे २०१५ साली उघड झाले. त्या सगळ्या प्रती सारख्याच कामाच्या आहेत का यावर अजून वाद आहे, आणि सगळ्या मोठ्या प्राण्यांनी हाच मार्ग घेतलेला नाही.

औषधांत या समजुतीचे फळ उशिरा आले. सीडीकेच्या दोन प्रकारांना रोखून आरबीला पुन्हा वाटेवर बसवणारे पाल्बोसिक्लिब हे औषध अमेरिकेत २०१५ साली स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी मान्य झाले. यीस्टमधल्या शोधाला तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. ज्या गाठीत आरबीच उरलेले नाही तिथे ते चालत नाही, हे वरच्या विवेचनावरून वाचकाने स्वतःच ताडले असेल. मला अधिक मोलाचे वाटते ते पूर्वीच्या टप्प्यांवर गाठणे, आणि त्यातले काही मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १,३१,७४६ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्हीसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवावे का, यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गंभीर होते. पण संसर्ग आणि कर्करोग यांच्यामध्ये हस्तक्षेपाला पुरेशी वर्षे असतात, हे त्या आकड्यांनी निर्विवाद दाखवले. आता पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट एचपीव्हीची लस बनवते, म्हणजे ई ६ आणि ई ७ पेशीत शिरण्याआधीच त्यांना अडवता येते.

तोंडाच्या कर्करोगात हे टप्पे उघड्या डोळ्यांनी दिसतात. तंबाखू जिथे धरली जाते त्या गालाच्या किंवा हिरडीच्या जागी पांढरा चट्टा उमटतो; सुपारी खाणाऱ्यांचा गाल आतून कडक होत जातो आणि तोंड उघडेनासे होते. सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी देशाच्या तीन भागांतल्या ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना ती सोडण्यासाठी समजावले आणि पाच वर्षांनी, १९८६ साली, निष्कर्ष मांडले: अनेकांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली, आणि नवे पांढरे चट्टे उमटण्याचे प्रमाण घटले. कडक झालेला गाल मात्र सहसा पूर्ववत होत नाही. पांढऱ्या चट्ट्यांपैकी बहुतेक आयुष्यभर चट्टेच राहतात, थोडे पुढे सरकतात. कोणत्या चट्ट्यातले पहारेकरी निघून गेले आहेत हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून दंतवैद्य आज सगळ्याच चट्ट्यांवर नजर ठेवतात, दर काही महिन्यांनी बोलावतात, आणि चट्टा लाल, खरखरीत किंवा जाड झाला की त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवतात.